श्रावणातला रिकामा चिखल

श्रावणात मुरबे गावाच्या खाडीवर उतरले, तेव्हा सुकती लागून तासभर झाला होता. पलीकडे सातपाटीकडच्या बऱ्याच होड्या अजून शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेची वाट बघणाऱ्या. मी पोटरीभर चिखलात. जवळ प्लॅस्टिकच्या नळाचा एक तुकडा, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची चाळण आणि पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर.

चिखलातले जीव मोजायचं काम सांगायला सोपं आहे. नळ वीतभर चिखलात दाबायचा, वरचं तोंड तळव्याने घट्ट बंद करायचं आणि आतल्या गाळासकट उपसायचा. तो गाळ चाळणीत घालून खाडीच्याच पाण्यात हलक्या हाताने हलवत राहायचा. घाई केली की कृमी तुटतात आणि मोजणी बिघडते. उरलेला चोथा फॉर्मलिनमध्ये टाकायचा, त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग. दुसऱ्या दिवशी बशीत ओतला की जे मूळचं सजीव ते गुलाबी दिसतं आणि बाकीचा कचरा बऱ्यापैकी मातकट राहतो. मग चिमटा, सूक्ष्मदर्शक आणि दुखणारी मान.

चैत्रात याच जागी चाळण भरून यायची. केसाळ पॉलिकीट कृमी, नखाएवढ्या शिंपल्या, गोगलगायी, तांदळाच्या कणीएवढे कवचधारी. श्रावणात मात्र तिवराची कुजकी पानं, फुटके शिंपले आणि चार-दोन कृमी.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे धरला. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. इथली रेषा तळाशी, जवळजवळ गोड्या पाण्याची. मग कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला आणि त्यात पाझरलेल्या पाण्याचा थेंब घेतला. रेषा बरीच वर गेली. वर पावसाचं पाणी असतानाही चिखलाने आपल्या पोटात उन्हाळ्याचं मीठ धरून ठेवलं होतं. जो खोल जाऊ शकतो, तो या मिठाच्या आधाराने पावसाळा काढतो.

बाकीच्यांची गत वेगळी. समुद्री प्राण्याच्या अंगातलं पाणी खारं. बाहेरचं गोडं झालं की ते आत शिरू लागतं आणि पेशी फुगतात. शिंपली दोन्ही झडपा मिटून घेते, पण मिटलेल्या घरात ना अन्न ना ताजा प्राणवायू. चिंबोरी अंगातल्या क्षारांचा तोल पुष्कळसा सांभाळते, शिवाय तिला पाय आहेत. ज्यांना यातलं काहीच जमत नाही, ते मरतात किंवा वाहून जातात. गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या तळावरही पावसाळ्यातली ही ओहोट आणि नंतरची भरती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवली आहे.

माझी चाळण पाहून कालवं काढायला निघालेल्या एक मावशी थांबल्या. “आता काय शोधतेस बाय? दसऱ्यानंतर ये.”

गेले. मग दिवाळीनंतर, मग पौषात. भरतीबरोबर समुद्रातून आलेली पिल्लं चिखलात बसू लागली होती. आधी येतात त्या भराभर वाढणाऱ्या, थोडं जगणाऱ्या कृमींच्या जाती, शिंपल्या सावकाश. कॅपिटेला हा लाल, दोऱ्यासारखा कृमी अशा पहिल्या पाहुण्यांतला.

खरी अडचण इथेच आहे. सांडपाण्याने गुदमरलेल्या, सेंद्रिय गाळ साचलेल्या तळावरही हाच कॅपिटेला माजतो. एकाच दिवसाच्या बशीत तो दिसला, तर खाडी पावसातून सावरते आहे की विषातून जाते आहे, हे ती बशी सांगू शकत नाही. ते कळतं पुढच्या महिन्यांत. शिंपल्या परतल्या तर खाडी सावरली. कॅपिटेलाच ठाण मांडून बसला तर दुखणं दुसरं आहे.

मुरब्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आणि 2022 मध्ये लवादाने निकाल दिला. आता मुरब्याला बंदराचाही प्रस्ताव आहे. अशा प्रकल्पांच्या पर्यावरण अभ्यासात पावसाळा वगळून एकाच हंगामाच्या नोंदी घेण्याची पद्धत रूढ आहे. जी खाडी वर्षातून एकदा रिकामी होऊन पुन्हा वसते, तिच्यासाठी ही पद्धत मला साफ चुकीची वाटते. दरवर्षी गोड्या पाण्याचा घाव सोसणाऱ्या जिवांवर दुसरा घाव कधी बसला, हे तीन महिन्यांच्या तक्त्यात सापडणार नाही.

म्हणून या चिखलाचा अहवाल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: चैत्रात या, श्रावणात या, आणि पौषात याच जागी पुन्हा नळ दाबा. कालवं काढणाऱ्या बायकांना आधी विचारा. कोणत्या महिन्यात इथे काय असायला हवं, ते त्यांना ठाऊक आहे.