शुद्ध मेंदीची पूड : पारख व उपयोग

आपल्या इकडे मळ्याच्या कुंपणास मेंदी लावण्याची वहिवाट जुनी आहे. पाणी कमी मिळालें तरी ती तग धरते व छाटली म्हणजे अधिक दाट फुटते. असें असतांहि केस रंगविण्याची वेळ आली कीं त्याच मळ्याचा मालक बाजारांतून पुडी आणतो, आणि तिच्यावर हिरव्या पानाचें चित्र व ‘शुद्ध’ हा शब्द पाहून समाधान मानतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं अशीच एक ‘काळी मेंदी’ लावली. दुसऱ्या दिवशीं कपाळ व पापण्या सुजून त्यांचे डोळे मिटले. त्यांनीं घरच्या कुंपणालाच बोल लावला. परंतु शुद्ध मेंदीचें वावडें फार थोड्यांस असतें. दोष होता तो मेंदीच्या नांवावर विकल्या गेलेल्या द्रव्याचा.

मेंदीच्या पानांत ‘लॉसोन’ नांवाचें रंगद्रव्य असतें. वाळल्या पाल्यांत त्याचें प्रमाण शेंकडा १ ते २ च्या आसपास भरतें. केसांतील केराटीन या प्रथिनाशीं तें जोडलें जात असल्यामुळें रंग टिकतो. पांढऱ्या केसावर तो प्रथम नारिंगी-तांबडा दिसतो आणि दोन-तीन दिवसांत हवेनें गडद होतो. काळा मात्र कधींच होत नाहीं. एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्मी फसवणूक टळेल. पाव तासांत केस काळे करणाऱ्या पुडींत बहुधा पॅराफेनिलीन-डायअमीन हें कारखान्यांत तयार होणारें द्रव्य असतें. कांहींना तें सोसत नाहीं; आणि एकदां वावडें जडलें म्हणजे तें बहुधा जन्मभर राहतें, व पुढें दुसरा कलप लावला तरी तोच त्रास उद्भवतो. ज्यांस काळेच केस हवे असतील त्यांनीं मेंदी धुऊन काढल्यावर निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावावी. रीत वेळखाऊ खरी, पण सरळ आहे.

पूड घेतांना तिच्या हिरवेपणावर भुलूं नये, कारण जुनी, विटलेली पूड हिरवा रंग घालून ताजी भासवितां येते. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन चिमूटभर पूड टाकावी. पाणी लगेच झळझळीत हिरवें झालें तर वरून रंग घातला आहे असें समजावें. शुद्ध पुडीचें पाणी हळूहळू गढूळ, तपकिरी होत जातें. तेंच पाणी ढवळून वरचेवर ओतून द्यावें. वाळू असल्यास तळाशीं राहते व बोटास खरखरते. वास वाळल्या गवतासारखा यावा. उग्र वासाची पूड परत करावी. ही परीक्षा लोखंडी भांड्यांत करूं नये. लोखंडाच्या संयोगानें रंग काळवंडतो व पूड आहे त्याहून चांगली वाटते.

राजस्थानांतील पाली जिल्ह्यांतलें सोजत मेंदीसाठीं प्रसिद्ध असून सोजत मेंदीस २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें हें पीक कोरडवाहू आहे व एकदां लावलेलीं झाडें पुष्कळ वर्षें कापणी देतात. कापणी पावसाळा सरतांना होते. कापलेल्या पाल्यावर पाऊस पडला कीं पानें काळीं पडतात व भाव उतरतो. आपल्या कुंपणाचा पाला काढणाऱ्यानेंहि म्हणूनच उघडीप पाहून डहाळ्या कापाव्या. त्या सावलींत, वारा लागेल अशा जागीं पसराव्या. पान बोटांत चुरडूं लागलें म्हणजे काड्या वेगळ्या करून पाला दळावा व पूड तलम फडक्यांतून वस्त्रगाळ करावी. घट्ट झांकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या व कोरड्या जागीं ती ठेवावी. दमटपणानें व उजेडानें रंग मरतो. वर्षभरांत ती संपवावी हें बरें.

खांद्यापर्यंतच्या केसांस साधारण १०० ग्रॅम पूड पुरते. कोमट पाण्यांत दह्याइतकी घट्ट भिजवावी. पाणी उकळतें नसावें. थोडा लिंबाचा रस घातल्यास रंग सावकाश पण चांगला सुटतो. उन्हाळ्यांत तीन-चार तासांनीं, थंडींत रात्रभरानें लगदा वरून तपकिरी दिसूं लागला म्हणजे तो तयार झाला. केस आधीं धुऊन तेल पार काढावें; तेलकट केसावर रंग धरत नाहीं. लगदा दोन ते चार तास ठेवून नुसत्या पाण्यानें धुवावा व पुढें दोन दिवस साबण लावूं नये. केस कोरडे वाटल्यास तेल दुसऱ्या दिवशीं लावावें.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. कांहीं मुलांच्या रक्तांत जी-सिक्स-पीडी नांवाचें विकर जन्मतः कमी असतें. अशांस, विशेषतः तान्ह्या मुलांस, घरची शुद्ध मेंदीहि हातापायांस लावूं नये. रक्तांतील तांबड्या पेशी फुटून जीवावर बेतूं शकतें.