सेयनीतलं बिऱ्हाड

पोलंडच्या ईशान्य टोकाला, लिथुआनियाच्या सीमेलगत सेयनी नावाचं पाच-सहा हजार वस्तीचं गाव आहे. १९१९-२० मध्ये पोलिश आणि लिथुआनियन या गावासाठी लढले. इथल्या ज्यूंना १९३९ मध्ये जर्मनांनी हाकलून लावलं. मागे उरलं ते त्यांचं पांढरंशुभ्र सिनेगॉग.

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर क्शिश्तोफ चिझेव्स्की आणि त्यांचे नाटकवाले सोबती या गावात येऊन राहिले. त्यांच्या संस्थेचं नाव 'पोग्रानिचे', म्हणजे सीमाभाग. शेजारी देशांशी सांस्कृतिक मैत्री जुन्या राजवटीतही होतीच, पण ती सरकारी शिष्टमंडळांची: हारतुरे, लोकनृत्यं, भाषणं. घराघरांत दबलेल्या वैराला त्या मैत्रीत जागा नव्हती. परदेशी पाहुण्यांचे महोत्सव भरवणं त्यामानाने सोपं. या मंडळींनी गावातच मुक्काम ठोकला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

त्यांच्या कामाची रीत बघा. शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना जुन्या गावाबद्दल विचारायचं. कुणाचं घर कुठे होतं, कोण कुठली भाषा बोलायचं, कुठली गाणी म्हणायचं. त्या आठवणींतून मुलांनी मातीचं छोटं सेयनी घडवलं आणि त्याच्याभोवती 'सेयनीची बखर' हे नाटक उभं केलं. पोलिश, लिथुआनियन, ज्यू, जुन्या पंथाचे रशियन, सगळे त्यात आले. सिनेगॉगमध्ये गावातली तरुण मुलं क्लेझ्मर हे ज्यूंचं संगीत वाजवू लागली. वाजवणाऱ्यांत ज्यू नाहीत, हे खटकतं, खटकायलाही हवं. पण ते सूर मुके ठेवणं काही जास्त प्रामाणिक ठरलं नसतं.

जवळच्या क्रास्नोग्रुदात कवी चेस्वाव मिवोश यांच्या आईकडच्या नातलगांचा वाडा होता. मिवोश यांच्या जन्मशताब्दीला, २०११ मध्ये, तिथे पोग्रानिचेचं आंतरराष्ट्रीय संवाद केंद्र सुरू झालं.

एवढंच असतं तर हे एक गोड सांस्कृतिक घर ठरलं असतं. पण २००० मध्ये इतिहासकार यान ग्रॉस यांचं 'शेजारी' छापलं ते याच संस्थेने. १९४१ मध्ये येद्वाब्ने गावातल्या ज्यूंना त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी मारलं, असं सांगणारं हे पुस्तक. देशभर रण माजलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी येद्वाब्नेत जाऊन जाहीर माफी मागितली. ती माफी न रुचलेले पोलिशही थोडेथोडके नव्हते.