शनिवार दुपारचे क्रिकेट

लँकेशायर हे नाव आपल्या घरांत प्रथम शिरले ते कापडाच्या ठाणांतून. मँचेस्टरचे कापड आपल्या आजोबा-पणजोबांनी आधी हौसेने वापरले आणि पुढे स्वदेशीच्या होळीत तितक्याच हौसेने टाकले. पण त्याच परगण्यातल्या गिरणगावांनी कापडाबरोबर आणखी एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या विणली. ती म्हणजे गावकऱ्यांचे क्रिकेट.

क्रिकेट हा साहेबाचा, म्हणजे उमरावांचा आणि बड्या शाळांचा खेळ, अशी आपली समजूत असते. लँकेशायरच्या विणकऱ्याला तो मिळाला त्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका कायद्याला आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायकामुलांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवले. ती नसली की पुरुषांचे कामही अडे, म्हणून हळूहळू सगळी गिरणीच शनिवारी लवकर सुटू लागली. हाती अर्धा दिवस आला, तसे गावोगाव क्लब उभे राहिले. १८९२ साली लँकेशायर लीग सुरू झाली. नेल्सन, बर्नली, हॅस्लिंग्डन, रॉटनस्टॉल, बेकप, रिश्टन ही तिच्यातली गावे. बहुतेक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे चुरस भाऊबंदकीची! एकेक डाव, एकच दुपार, आणि संध्याकाळी कोण जिंकले याचा निकाल. पाच दिवसांच्या कसोटीची चैन कामकऱ्याला कोठून परवडणार?

या लीगचा एक नियम मोठा शहाणपणाचा ठरला. १९०० पासून प्रत्येक क्लबाने एकच पगारी खेळाडू ठेवावा, बाकीचे दहा गावचेच. म्हणजे जगातला नामांकित फलंदाज एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला गावातला खाटीक, शिक्षक किंवा विणकर. पगारी खेळाडूने आठवड्याभरात गावच्या पोरांना शिकवायचे, असाही रिवाज होता. कोणी पन्नास धावा काढल्या की प्रेक्षकांतून डबा फिरे आणि त्यात पेन्स-शिलिंग खणखणत पडत. आपल्या तमाशात किंवा कुस्तीच्या फडात दौलतजादा होते, तशातलाच हा प्रकार.

१९२९ साली नेल्सनने वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन याला मोसमाला पाचशे पौंडांवर आणले. त्या गावाने काळा माणूस क्वचितच पाहिलेला. पोरे त्याच्या खिडकीतून डोकावत, निनावी शिव्यांची पत्रेही आली. पण तो नऊ मोसम खेळला आणि त्यांतली सात अजिंक्यपदे नेल्सनला मिळाली. पुढे १९६९ साली तो ब्रिटनच्या उमराव सभेत गेलेला पहिला कृष्णवर्णीय लॉर्ड झाला, तेव्हा त्याने आपल्या किताबात नेल्सन गावाचे नाव घातले. माणसाने गावाला आपले म्हणावे यापेक्षा गावाची आणखी कोणती कमाई?

आपल्या लोकांचाही या गावांशी जवळचा संबंध आहे. लाला अमरनाथ नेल्सनला खेळले, आपले सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला आणि सुभाष गुप्ते रिश्टनला. विनू मांकड तर १९५२ साली हॅस्लिंग्डनशी करारबद्ध होते, म्हणून भारतीय संघात नव्हते. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले आणि मांकडांसाठी धावाधाव सुरू झाली. क्लबाने त्यांना मोकळे केले. मांकडांनी लॉर्ड्‌सवर ७२ आणि १८४ धावा काढल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, पण तो आजही मांकडांचा म्हणूनच ओळखला जातो.

पुढे गिरण्या बंद पडल्या. धुरांडी पाडली गेली. क्लब मात्र टिकले. ते टिकले ते चहाची टेबले मांडणाऱ्या बायकांमुळे, धावांच्या वह्या लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांमुळे आणि स्वतः रोलर ओढणाऱ्या सभासदांमुळे. बर्नलीच्या क्लबात लहानपणापासून खेळलेल्या जेम्स अँडरसनने २०२४ मध्ये निवृत्त होताना कसोटीतले ७०४ बळी मागे ठेवले.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. २००६ पासून इंग्लंडमधल्या कसोटी सामन्यांचे थेट प्रक्षेपण पैसे भरणाऱ्यांच्याच घरी दिसू लागले, आणि सरकारी शाळांतून क्रिकेट मागे पडत गेले. मग मुलांना पुन्हा मैदानावर आणण्यासाठी २०१७ साली पाच ते आठ वर्षांच्या मुलामुलींकरिता देशभर खास वर्ग निघाले. पन्नास-साठच्या दशकांत गिरण्यांतल्या रात्रपाळीसाठी आलेल्या पाकिस्तानी आणि गुजराती कुटुंबांची नातवंडे आज या गावांतली हौशी क्रिकेट जागती ठेवतात. पण व्यावसायिक संघांत त्यांची संख्या तुटपुंजी आहे. २०२३ साली एका स्वतंत्र आयोगाने इंग्लिश क्रिकेटमध्ये वंश, वर्ग आणि स्त्री-पुरुष असा भेदभाव खोलवर असल्याचे स्पष्ट नमूद केले. दार उघडे असणे वेगळे, आणि आतल्या माणसाने ‘या, बसा’ म्हणणे वेगळे.

आपल्याकडे मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. चिखलात फलंदाजी शिकलेल्या मुंबईकरांच्या पिढ्या तिने घडवल्या. तरीही आज शहरातला बाप मुलाला क्रिकेटला घालतो म्हणजे काय करतो? महिन्याची फी भरतो, हजारोंचे साहित्य आणतो, आणि वर्षभरात ‘पुढे जाईल का?’ असे विचारू लागतो. जो पुढे जाणार नाही त्याचे काय, हे कोणी विचारत नाही. लँकेशायरच्या गावांनी शंभरांहून अधिक वर्षे त्याच पोराची सोय केली. तो पुढे दुसऱ्या फळीत खेळला, मग पंच झाला, मग चिटणीस. आणि त्याचा हात धरून आलेल्या शंभरांतून एखादा अँडरसन निघाला.

घराजवळच्या मैदानावर यंदा लग्नाचा मांडव पडला असेल, किंवा फाटकाला कुलूप असेल. पोरांना नवी बॅट आणण्याआधी चार शेजाऱ्यांनी मिळून त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल.