बॅलरॅट की बेंडिगो? सोन्याच्या दोन गावांतून एकाची निवड

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया ही १८५१ च्या जुलैत स्वतंत्र ब्रिटिश वसाहत झाली आणि त्याच वर्षी तिच्या मातीत सोने सापडले. जगभरातून माणसे लोटली. दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. या लोंढ्यातून उभी राहिलेली दोन मोठी गावे म्हणजे बॅलरॅट आणि बेंडिगो. मेलबर्नपासून पहिले सुमारे ११५ किलोमीटरवर, दुसरे १५० किलोमीटरवर. मेलबर्नला मुलाबाळांकडे गेलेल्या मराठी पाहुण्यांपुढे बहुधा एकच मोकळा दिवस असतो, आणि एका दिवसात दोन्ही गावे नीट पाहून होत नाहीत.

दोन्हीकडचे सोने एकाच काळात निघाले, तरी ते जमिनीत होते वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि गावांचे स्वभावही तिथूनच वेगळे झाले. बॅलरॅटचे वरवरचे सोने लवकर संपले. उरलेले पुरातन नद्यांच्या गाळात होते, आणि त्या नद्यांवर लाव्हा पसरून बसाल्टचे थर साचले होते. सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा बनला आहे, त्याच जातीचा हा दगड. गाळापर्यंत पोचायला चारदोन जणांनी मिळून महिनोन्‌महिने विहीर खणायची, पाणी उपसायचे, आणि शेवटी तळाशी काही लागेलच याचा भरवसा नाही. सरकार मात्र सोने मिळो न मिळो, खणण्याच्या परवान्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला घेत असे. परवाना तपासायला येणारे पोलीस माणसांना अक्षरशः हुडकून पकडत.

यातून १८५४ चा उठाव झाला. आयरिश खाणकरी पीटर लेलर याच्या पुढारपणाखाली लोकांनी निळ्यापांढऱ्या ‘सदर्न क्रॉस’ ध्वजाखाली शपथ घेतली आणि युरेका भागात लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने तो थोड्याच वेळात मोडला. वीसहून अधिक खाणकरी मारले गेले. पण राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने तेराही आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा खाणहक्क आला, त्यासोबत मताधिकारही आला, आणि लेलर स्वतः विधिमंडळात निवडून गेला. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेल्यामुळे विरलेला तो ध्वज आज बॅलरॅटच्या युरेका सेंटरमध्ये आहे. गावात दुसरे काही पाहायला जमले नाही तरी हा ध्वज चुकवू नये.

बहुतेक पर्यटक मात्र येतात ते सॉव्हरिन हिलसाठी. जुन्या खाणींच्या टेकडीवर १९७० मध्ये खुले झालेले हे उघड्यावरचे संग्रहालय म्हणजे १८५० च्या दशकातले नव्याने उभारलेले गाव आहे. त्या काळच्या पोशाखातली माणसे, लाल डगल्यातले शिपाई, वाफेवर चालणारी यंत्रे, वितळलेल्या सोन्याची वीट ओतण्याचे प्रात्यक्षिक असे बरेच काही तिथे आहे. ओढ्याच्या वाळूत पाटी फिरवून मिळालेले कण घरी नेता येतात. मुले इथून निघायला तयार नसतात. जवळच्याच बेकरी हिलवर १८५८ मध्ये ‘वेलकम नगेट’ हा सुमारे ६९ किलोचा सोन्याचा गोळा निघाला होता.

बेंडिगोत सुरुवातीचे सोने ओढ्याकाठी उथळ होते. तिथेही परवान्याविरुद्ध १८५३ मध्ये चळवळ झाली; लोकांनी पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारला दिला आणि टोप्यांना लाल फिती लावल्या. गावाचे खरे भाग्य मात्र खोल होते. जमिनीच्या घड्यांच्या माथ्यावर खोगिरासारखे वाकलेले गारेचे पट्टे, एकाखाली एक. ते फोडायला भांडवल, कंपन्या, वाफेची यंत्रे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी इथली एक खाण १,४०० मीटरच्या आसपास पोचली होती. सेंट्रल डेबोरा ही १९३९ ते १९५४ या काळात चाललेली ४११ मीटर खोल खाण आता लोकांना आतून पाहता येते. तिचा सर्वांत खोल फेरफटका २२८ मीटरपर्यंत उतरतो. ही खाण खरीखुरी आहे, देखावा नाही, आणि तो फरक अंगाला जाणवतो. वर रस्त्यावर सोन्याच्या पैशाचे दर्शन घडते: पोस्टाची इमारत, न्यायालय, १८९७ चे शॅमरॉक हॉटेल, आणि त्यांच्यासमोरून धावणाऱ्या जुन्या ट्राम.

बेंडिगोचे दुसरे धन म्हणजे तिथला चिनी इतिहास. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी प्रवाशावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो जण शेजारच्या वसाहतीत रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींवर आले. इतका अन्याय सोसूनही गावाच्या ईस्टर जत्रेत इस्पितळासाठी पैसा उभा करायला हाच समाज पुढे राहिला. १८७१ साली सुरू झालेली ती जत्रा आजही भरते आणि तिच्या मिरवणुकीत चिनी ड्रॅगन नाचतो. जुने ड्रॅगन गोल्डन ड्रॅगन म्युझियममध्ये, आणि लाल रंगाचे जॉस हाऊस मंदिर गावाबाहेरच्या बाजूला.

मुले सोबत असतील, किंवा एकच दिवस हाताशी असेल, तर बॅलरॅट. आगगाडीने दीड तासाच्या आसपास वेळ लागतो आणि सॉव्हरिन हिललाच दिवस पुरत नाही. मुक्कामाची सवड असलेल्या प्रौढ वाचकाने मात्र बेंडिगो निवडावे. तिथे पुन्हा रचलेले कमी आणि टिकून राहिलेले जास्त आहे. ऋतू आपल्या उलट: जुलैत बॅलरॅट चांगलेच गारठते, जानेवारीत बेंडिगो तापते. मार्च-एप्रिल आणि दिवाळीच्या सुमाराचा तिथला वसंत दोन्ही गावांना मानवतो. ईस्टरच्या दिवसांत बेंडिगोला जायचे, तर राहण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.