ताळा करून पाहिलात का?

भागाकार झाला की गुरुजी ताळा करायला लावत. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. भाज्य आला की गणित बरोबर. भागाकाराला घाम फुटायचा, ताळा मात्र चुटकीसरशी व्हायचा. कॉम्प्युटरनं सोडवलेल्या बीजगणितावर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या ताळ्यात आहे.

शंका उगाच नाही. २०१४ साली तीन स्पॅनिश गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस' मासिकात आपली फजिती मांडली. प्रचंड पूर्णांक भरलेल्या १४ बाय १४ मॅट्रिक्सचा निश्चयक त्यांनी एका नामांकित सॉफ्टवेअरकडून काढून घेतला. तीच मॅट्रिक्स पुन्हा दिली, तर उत्तर वेगळंच!

एवढ्या अवाढव्य सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ कोण तपासणार? जॉन हॅरिसन आणि लॉराँ तेरी यांनी १९९०च्या दशकात तो नादच सोडला. त्यांच्याकडे एचओएल हा थिअरम प्रूव्हर होता. हा प्राणी भलताच संशयी: तर्काचे मोजके नियम लावून पायरी-पायरीनं सिद्ध झालेलंच तो प्रमेय मानतो. त्यांनी संकलन करण्याचं आणि अवयव पाडण्याचं काम मेपल या सॉफ्टवेअरला दिलं. उत्तर आलं की विकलन किंवा गुणाकार करून ताळा एचओएलनं घ्यायचा. मेपल चुकलं तर ताळा जुळत नाही, एवढंच. खोटं प्रमेय आत शिरत नाही.

पण हे निम्मंच. गुणाकार जुळला म्हणजे अवयव पुरते पडले असं थोडंच? 'क्षचा चौथा घात अधिक १' ही बहुपदी घ्या. पूर्णांकांत तिचे अवयव पडत नाहीत. मात्र कुठल्याही मूळ संख्येनं भागून उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात ते पडतात, आणि अवयव पाडण्याच्या आधुनिक रीती सुरुवात करतात ती नेमकी याच गणितातून. इथे गुणाकाराचा ताळा अपुरा. रीतच सिद्ध करावी लागते.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे रेने थीमान आणि सहकाऱ्यांनी इसाबेल या प्रूव्हरमध्ये तेच केलं. आधी बर्लेकॅम्प-झासेनहाउस रीत सिद्ध केली, मग एलएलएल रीतीवर बेतलेली दुसरी. त्या दुसऱ्या कामात जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकात छापलेली कृतीच चुकीची निघाली. ती दुरुस्त केल्यावरच सिद्धता पुरी झाली.