जुन्नरची नामवंत मंडळी (भाग ४) : देणारे आणि घडवणारे

मागच्या आठवड्यात आपण नाणेघाटात नागनिका राणीच्या लेखापाशी थांबलो होतो. आता घाट चढून जुन्नरात येऊ.

फ्लॉरेन्सचं नाव काढलं की पाठोपाठ चित्रकारांची नावं येतात. त्याचं बरंचसं श्रेय जॉर्जो वासारीचं. स्वतः चित्रकार असलेल्या या गृहस्थाने १५५० साली इटलीतल्या कलावंतांची चरित्रं छापली आणि १५६८ मध्ये ती वाढवून पुन्हा काढली. जुन्नरला वासारी लाभला नाही. नावं मात्र भरपूर लाभली, तीही त्याच्या सुमारे दीड हजार वर्षं आधीची, दगडात कोरलेली. फक्त ती वेगळ्याच माणसांची आहेत.

लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दिलं. (गणपतीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी किती जण शेजारच्या या खांबांकडे मान वर करून बघतात, कोण जाणे!) शिवनेरीवर वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहस्थाने सगळ्या लोकांच्या भल्यासाठी चैत्यगृह दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे, वर्ष ४६ च्या नोंदीसह. आणि तीन यवनही आहेत : इरिलाने दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप, तिसरा चंद. समुद्रापलीकडून आलेला माल कल्याण-सोपाऱ्याहून नाणेघाटाने वर चढायचा. त्या वाटेवरच्या गावात परदेशी नावं सापडली, तर नवल वाटायला नको.

कोरणाऱ्याचं नाव मात्र यांत कुठेच नाही. कारण सरळ आहे. हे लेख म्हणजे दानपत्रं. कुणी शेत दिलं, कुणी बांबूकाम करणाऱ्यांच्या किंवा कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, हे पुढच्या पिढ्यांना कळावं आणि पुण्य योग्य खात्यावर जमा व्हावं, एवढाच त्यांचा हेतू. मजुरी चुकती झाली की कारागिराचा संबंध संपला. शिवनेरीवरच्या एका लेण्याच्या छतावर चौकोनांत एकात एक वर्तुळं रंगवलेली आहेत, नारिंगी, तपकिरी आणि पांढऱ्या रंगात. इतकी नेटकी आखणी सरावाच्या हाताशिवाय होत नाही. त्या हाताच्या धन्याला आपण काय म्हणून हाक मारायची?

ही सह्याद्रीतली सरसकट रीत होती, असंही नाही. राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याच्या लेण्यात कान्हाचा शिष्य बालक याने 'हे मी केलं' अशा अर्थाची ओळ कोरून ठेवली आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. मला तर बालक सुलसदतापेक्षा जवळचा वाटतो. पैसा देणारे त्या काळी पुष्कळ होते.

चित्रकाराचं नाव हवंच असेल, तर जुन्नर तालुक्यात विसाव्या शतकापर्यंत यावं लागतं. सुभाष अवचट ओतूरचे, डॉ. अनिल अवचटांचे धाकटे भाऊ. सुभाषरावांची चित्रं दालनांत लागली, पण त्याआधी ती मराठी घरांत पोचली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून. अशा पुस्तकात चित्रकाराचं नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या शेजारी, बारीक टायपात असतं. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात.

पुढच्या आठवड्यात : हबशी गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीची गादी जुन्नरला आणणारा मलिक अंबर.