तेलाच्या पचनात कोलेस्टेरॉलचा हात

नांदेड-लातूरकडे करडईचे तेल जुन्या परिचयाचे. तिथे शिक्षकांशी बोलताना आम्हाला दोन समजुती भेटतात. कोलेस्टेरॉलची गोळी घेतली, की खाल्लेले तेल अंगी लागत नाही, ही एक. गोळीने तेल पचेनासे होते, ही दुसरी. दुसरी अधिक धोक्याची, कारण तिच्यापायी गोळी परस्पर बंद होते आणि काही आठवड्यांत रक्तातले कोलेस्टेरॉल पुन्हा चढते.

पेलाभर पाण्यात चमचाभर करडईचे तेल घालून पाहा. तवंग वरच राहील. रिठ्याचे पाणी घालून जोराने ढवळा. तेलाचे बारीक थेंब होऊन पाणी दुधाळ दिसेल. आतड्यात रिठ्याचे काम पित्तरस करतो. थेंब बारीक झाले, की स्वादुपिंडातले लायपेज हे विकर तेलाचे विघटन झपाट्याने करते. गंमत अशी, की पित्तातली आम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते! काम संपल्यावर त्यांतली सुमारे ९५ टक्के आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात.

जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते. मग यकृत ते रक्तातून अधिक ओढून घेते. पित्ताला कच्चा माल मिळत राहतो, तेल पचते आणि त्याचे उष्मांकही अंगी लागतात.

कोलेस्टिरामिनची तऱ्हा निराळी. ते पित्ताम्लांना आतड्यातच धरून शौचावाटे बाहेर नेते. नवी आम्ले घडवताना यकृताचे कोलेस्टेरॉल खर्ची पडते. मात्रा मोठी असेल, तर स्निग्ध पदार्थांचे आणि अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचे शोषण मात्र घटू शकते. घरातला इसबगोलही काहीसा असाच वागतो, पण सौम्यपणे.